हायवेला लागली की गाडी गरम होते? रेडिएटर बदलण्याआधी हे वाचा

शहरात गाडी तासभर रांगत गेली तरी टेम्परेचरचा काटा जागचा हलत नाही. हायवेवर साठचा वेग धरला की मात्र थोड्याच वेळात तो लालकडे सरकतो. जुन्या ट्रकच्या मालकांकडून आम्ही ही तक्रार नेहमी ऐकतो, आणि तिच्या जोडीला बहुतेक वेळा निदानही येतं: "रेडिएटर नवा टाका." जरा थांबा. गाडी नेमकी कधी गरम होते, हे आधी नीट सांगा.

उभ्यावर किंवा ट्रॅफिकमध्ये गरम होत असेल, तर आम्ही पंखा, त्याला फिरवणारं कपलिंग आणि श्राउड (पंख्याभोवतीचं आवरण) बघतो. हायवेवर समोरचा वारा भरपूर असतो, पंख्यावर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. तरीही काटा चढतो, म्हणजे रेडिएटरमधून पुरेसं पाणी फिरत नाही किंवा वारा जाळीतून आरपार जात नाही. बाकीची कारणं यानंतर.

गाडी आली की पहिल्यांदा काटा खरा की खोटा ते ठरवतो. थर्मोस्टॅटच्या (पाणी तापलं की रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या) घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला की कळतं. अर्थिंग खराब असलं की काटा उगाच चढतो. उलटही घडतं: पाणी सेन्सरच्या खाली गेलं की काटा खाली येतो, ड्रायव्हर निश्चिंत होतो आणि इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचा भाग, तापून वाकतो.

मग वारा. इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारी पुढची जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत धूळ, ऑइल आणि उसाचं पाचट यांचा थर बसतो. तो समोरून दिसत नाही. इंटरकूलर सुटा करावा लागतो. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारायचं, तेही बेताच्या प्रेशरने, नाहीतर पंख वाकतात. जाळीसमोरचे जादा दिवे आणि नावाचे मोठे बोर्डही काढा. लिंबू-मिरचीला आमची हरकत नाही.

खालचा होज पाइप बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. तो वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, ओढीच्या बाजूला असतो. आतली तारेची स्प्रिंग गंजून गेली किंवा रबर मऊ पडलं, की जास्त आरपीएमला तो चपटा होतो आणि पाणी अडतं. आयडलला तोच पाइप गोल, धडधाकट दिसतो. म्हणून इंजिन गरम झाल्यावर एकाने रेस द्यायची आणि दुसऱ्याने पंख्यापासून लांब उभं राहून पाइपवर टॉर्च मारायचा. पाइप पोटात गेला की दोष सापडला, आणि तोही स्वस्तातला.

जाळी आतून चोंदली आहे का, हेही थर्मामीटरने समजतं. इंजिन गरम असताना बंद करून जाळीभर वरून खाली, डावीकडून उजवीकडे तापमान घ्यायचं. मधेच गार पट्टा लागला, तर तिथल्या नळ्या बंद आहेत. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलेल्या गाड्यांत क्षार साचून हे होतंच. जाळी तांब्या-पितळेची असेल तर टाकी खोलून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करता येतं. ॲल्युमिनियमची असेल तर बदलणंच बरं.

आता थर्मोस्टॅट. "गरम होते, म्हणून काढून टाकला" हे आम्ही फार ऐकतो. अनेक डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचं तोंड बंद करतो. तोच काढला तर बायपास कायम उघडा राहतो, बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात जातं आणि लोडवर गाडी आणखी तापते. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात टांगून तापवून बघा. त्याच्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळायच्या आत पूर्ण उघडला पाहिजे. अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट शहरात निभावून नेतो, हायवेवर नाही.

रेडिएटरच्या झाकणाकडेही बघा. ०.५ बार दाबाचं झाकण नीट धरत असेल, तर साधं पाणी १०० ऐवजी साधारण १११ अंशांना उकळतं. रबर गेलं की ही सवलत गेली.

वॉटर बॉडीची पाती झिजणं आणि बेल्ट घसरणं ही कारणं आम्ही ओघात तपासतोच. एवढं करूनही दोष सापडला नाही तर हेड गॅस्केटचा (हेडखालच्या पॅकिंगचा) संशय. थंड इंजिन चालू करताच मिनिटभरात वरचा होज कडक झाला किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे आले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. खात्रीसाठी हा गॅस ओळखणारं निळं द्रावण वापरतो. डिझेल गाडीत गॅस असला की ते हिरवट होतं. काळा धूर, बिघडलेला टायमिंग, चिकटलेले ब्रेक किंवा ओव्हरलोड असेल, तर कूलिंगचा दोष नसतानाही गाडी तापते.

खंबाटकीसारख्या चढाला काटा वर जायला लागला तर खालचा गिअर घ्या आणि वेग कमी करा; आरपीएम वाढलं की पंखा आणि वॉटर बॉडी जोरात फिरतात. तरी चढलाच तर बाजूला घ्या. पाणी शाबूत आणि बेल्ट फिरता असेल तर थोडी रेस ठेवून काही मिनिटं इंजिन चालू द्या. पाणी गेलं असेल तर लगेच बंद करा. झाकण गरम असताना उघडू नका आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका.

गाडी आदल्या संध्याकाळी आणून लावा. गॅस्केटची तपासणी थंड इंजिनावरच होते, त्यामुळे आम्हाला ती सकाळी पहिल्यांदा चालू करायची असते. शक्य झालं तर मालकाबरोबर ड्रायव्हरलाही पाठवा. किती वेगाला, भरलेली की रिकामी, चढाला की सपाटीला, पाणी किती दिवसांनी टाकावं लागतं, हे त्यालाच ठाऊक असतं.