चॉकलेटात बदाम आला कुठून?

चॉकलेट आणि बदाम यांची जोडी आज वडीच्या रूपात ओळखीची असली, तरी ती जमली पेल्यात. मध्य अमेरिकेत कोकोच्या भाजलेल्या बिया वाटून, त्यात मक्याचे पीठ आणि मिरची घालून फेसाळ पेय करीत. ते स्पेनला पोहोचले तेव्हा तिथल्या स्वयंपाकघरात बदाम शेकडो वर्षांपासून रुळलेला होता आणि उपवासाच्या दिवसांत गाईच्या दुधाऐवजी बदामाचे दूध वापरण्याची रीत युरोपभर होती. अंतोनिओ कोल्मेनेरो दे लेदेस्मा या स्पॅनिश वैद्याने 1631 मध्ये माद्रिदला प्रसिद्ध केलेल्या चॉकलेटविषयक पुस्तिकेत 100 कोको बियांना 2 मिरच्या, दालचिनी, अर्धा पौंड साखर, डझनभर बदाम आणि तितकेच हेझलनट असे प्रमाण दिले आहे. हा बदाम वाटलेला, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. कोजागरीच्या मसाला दुधात बदामाची पूड जे काम करते, साधारण तेच त्याचे काम.

दाताखाली येणारा अख्खा बदाम बऱ्याच उशिरा आला, कारण त्यासाठी आधी चॉकलेट घट्ट व्हावे लागले. व्हॅन हाउटेन यांच्या नावाचे, कोकोतील लोणी वेगळे करणारे दाबयंत्र 1828 मधले, ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीची वडी 1847 मधली, तर डॅनिएल पीटर यांचे दूध-चॉकलेट स्वित्झर्लंडमधले, 1875 च्या सुमाराचे. पुढे 1908 मध्ये बर्नला मध-बदामाच्या नुगाचे, म्हणजे चिवट मिठाईचे तुकडे घातलेले टोब्लरोन चॉकलेट निघाले आणि त्याच वर्षी अमेरिकेत हर्शीने बदामाची वडी बाजारात आणली, योगायोगच म्हणायचा.

ही जोडी टिकण्यामागे चवीइतकाच कोरडेपणाचा वाटा आहे, असे मला वाटते. वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचे चार थेंब पडले, तर ते आळून रवाळ होते. म्हणून रसाळ फळ त्यात तसेच घालता येत नाही. भाजलेल्या बदामात मात्र पाणी नाममात्र असते आणि जवळपास निम्मे वजन स्निग्धांशाचे. शिवाय कोको आणि बदाम दोन्ही भाजल्यावरच खुलतात व त्यांचे खमंगपण एकाच जातकुळीचे असते. कोकोचे लोणी सुमारे 34 अंश सेल्सिअसला, म्हणजे तोंडातल्या उबेनेच वितळते. चॉकलेट जिभेवर विरघळून जाते आणि मागे उरलेला बदाम कटकन फुटतो. खोट एकच: बदामाचे तेल हळूहळू चॉकलेटात झिरपते आणि जुन्या वडीवर पांढुरकी झाक येते. ती बुरशी समजून वडी फेकणारे अनेक आहेत, पण ती निव्वळ स्निग्धांशाची असते.

कॅडबरी कंपनी भारतात 1948 मध्ये आली, पुढे ठाण्यात तिचा कारखाना उभा राहिला आणि मराठी घरांत ‘कॅडबरी’ हा चॉकलेटचाच प्रतिशब्द झाला. बदामाची ओळख या घरांना मुळीच नवी नव्हती. फक्त रात्री भिजवून सकाळी सोललेला, बुद्धी वाढावी म्हणून मुलांच्या हातावर ठेवला जाणारा बदाम इथे भाजून, सालासकट आला होता.