मांस-दूध कमी करणं फक्त निग्रहावर अवलंबून असतं का?

"हवामानासाठी मांस-दूध कमी करायचं तर निग्रह हवा, ज्याला जमलं नाही त्याची इच्छाच कच्ची." हे विधान बरीच वर्षं फिरतं आहे. ते पटतं, कारण घास आपण स्वतःच्या हाताने घेतो.

पण त्या घासाआधी काय घडतं ते पाहा. सामान कोणी आणलं, बेत कोणी ठरवला, स्वयंपाक कोणी केला? यातलं बरंचसं एकट्याच्या हातात नसतं. शिवाय सोबतचे लोक किती आणि काय खातात त्यानुसार आपलं ताटही नकळत बदलतं. खाण्याच्या सवयींवरच्या प्रयोगांत हे वारंवार दिसलं आहे. निग्रह लागतोच, पण रोज सगळ्यांपेक्षा वेगळं खायचं असेल तर तो फार लवकर थकतो. घरातलं एक माणूस जरी "मीही तेच खातो" म्हणालं, तरी वेगळा स्वयंपाक टळतो आणि प्रत्येक जेवणाला खुलासा द्यावा लागत नाही. मला हा आधार सर्वांत मोलाचा वाटतो.

पडताळणी सोपी आहे. दोन आठवडे रोज लिहा: काय खाल्लं, कोणी ठरवलं, सोबत कोण होतं. ठरवलेलं मोडलं ती जेवणं वेगळी काढा आणि त्यांत तीच माणसं, तीच ठिकाणं पुन्हा येतात का ते बघा.

कमी करण्याची सुरुवात गाय, म्हैस, शेळी, मेंढी अशा रवंथ करणाऱ्या जनावरांच्या मांसापासून करावी. त्यांच्या पोटातून निघणारा मिथेन वायू 100 वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा वजनामागे सुमारे 28 पट पृथ्वी तापवतो.