पोटावरची कातडी पचू लागते तेव्हा

"पिशवी लागली म्हणजे कातडीची आग होणारच, सहन करायचं." ऑपरेशन करून आतडं पोटावर बाहेर आणलेल्या आणि मलासाठी पिशवी लावलेल्या माणसाला हे वाक्य हमखास ऐकावं लागतं, आणि ते चूक आहे. पोटावरचं हे तोंड म्हणजे स्टोमा. तो स्वतः लाल आणि ओला असतो, कारण तिथे दिसतं ते आतड्याचं आतलं अस्तर. पण त्याच्याभोवतीची कातडी पोटावरच्या इतर कातडीसारखीच दिसायला हवी. तिथे लाली, ओल, जळजळ असेल तर लोक ॲलर्जीला दोष देतात. ॲलर्जी होते, पण क्वचित. बहुतेकदा मल पिशवीला कातडीशी धरून ठेवणाऱ्या चिकट चकतीखाली, म्हणजे वेफरखाली, झिरपत असतो.

मोठं आतडं बाहेर आणलं तर कोलोस्टोमी, लहान आतड्याचं शेवटचं टोक आणलं तर इलिओस्टोमी. कातडीचे हाल दुसरीत जास्त होतात. स्वादुपिंडातून ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन, इलास्टेज अशी प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) येतात. एरवी मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यातली बरीचशी मोडून टाकतात. इलिओस्टोमीत तो टप्पाच गळतो आणि सक्रिय विकरं पातळ मलाबरोबर बाहेर पडतात. ट्रिप्सिनला डाळीतलं प्रथिन कोणतं आणि आपल्या कातडीतलं कोणतं, हे कळत नाही.

पुढचा भाग मला फार विलक्षण वाटतो. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, सामू (pH) साधारण ५ च्या आसपास. ट्रिप्सिन मात्र ८ च्या जवळपास सर्वांत जोमानं काम करतं. मल साचून राहिला की कातडीचा सामू वर सरकतो, म्हणजे आम्लता घटते. मग कातडीची स्वतःची विकरंही बेफाम होतात. कॅलिक्रिन गटातली ही विकरं वरच्या मृत पेशींमधले दुवे हळूहळू कापतात, म्हणून तर जुनी कातडी झडते. आम्लता त्यांना आवरून धरते. ती गेली की झडण्याचा वेग वाढतो. म्हणजे बाहेरून ट्रिप्सिन आणि आतून कॅलिक्रिन. शिवाय ट्रिप्सिन पेशींवरच्या पार-२ या ग्राहीला (रिसेप्टरला) चेतवतं आणि दाह, खाज सुरू होते. ओल्या कातडीवर वेफर चिकटत नाही, गळती वाढते, चक्र फिरत राहतं.

१९५० च्या दशकात क्लीव्हलँड क्लिनिकचे सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी यावर कराया डिंक वापरला. हा डिंक पाणी शोषून फुगतो आणि स्वतः आम्लधर्मी असतो, दोन्ही गुण नेमके उपयोगाचे! आपल्याकडच्या कोरड्या जंगलात पांढऱ्याफटक खोडाचं कांडोळ उभं असतं, त्याचाच हा डिंक. आजच्या वेफरमध्ये पेक्टिन, जिलेटिन आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज असतं. तत्त्व तेच.

मग करायचं काय? आधी वेफरचं भोक मोजा. ते स्टोमाहून दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, भोक मात्र पहिल्या मापाचंच कापलं जातं आणि उघड्या राहिलेल्या कडेवर मल बसतो. कातडी साध्या पाण्यानं धुवा, टिपून कोरडी करा. ओल्या जागी स्टोमा पावडर भुरभुरा आणि जास्तीची झटकून टाका. वेफरखाली आग होऊ लागली की वरून चिकटपट्टी मारू नका, वेफरच बदला.

खोबरेल, तूप, हळदीचा लेप, अंगारा यांपैकी काहीही लावू नका. तेलकट कातडीवर वेफर टिकत नाही, आणि अंगाऱ्यानं झिरपणं थांबत नाही.

लाल चट्ट्याच्या कडेला बारीक पुटकुळ्या विखुरल्या असतील तर बहुधा बुरशी असते. तिला बुरशीनाशक पावडर लागते, पण डॉक्टरांना दाखवूनच. स्टोमा कातडीच्या पातळीला किंवा आत खेचलेला असेल तर सपाट वेफर कितीही नीट लावला तरी गळतो. अशा वेळी कातडीच्या बाजूला फुगीर वेफर आणि पट्टा लागतो. कोणता, हे स्टोमा नर्स पोट पाहून ठरवतात. दुखरे खोल व्रण पडले तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठा.