कॅम्प हेल

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील दुसऱ्या महायुद्धकालीन लष्करी प्रशिक्षण छावणी. २०२२ पासून राष्ट्रीय स्मारकाचा भाग. ईगल नदीच्या खोऱ्यात, रेड क्लिफ व लेडव्हिल यांच्या दरम्यान पँडो येथे सुमारे २,८०० मी. उंचीवर ती १९४२ मध्ये उभारण्यात आली. ब्रिगेडियर जनरल अर्व्हिंग हेल यांचे नाव तिला दिले आहे. सुमारे १५,००० सैनिकांची सोय असलेल्या या छावणीत दहाव्या पर्वतीय डिव्हिजनचे सैनिक स्कीवरून हालचाल, कडे चढणे आणि बर्फात मुक्काम करणे शिकले. फेब्रुवारी १९४५ मध्ये इटलीतील रीव्हा कडा रात्रीतून चढून जाणारी ती हीच डिव्हिजन.

युद्धानंतर इमारती मोडून काढल्या गेल्या. १९६६ मध्ये जमीन वनसेवेकडे परत आली आणि १९९२ मध्ये या स्थळाची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाली. तोवर काँक्रीटची जोती, रस्त्यांची आखणी व दारूगोळ्याची कोठारे एवढेच शिल्लक होते.

जतनाचा खरा पेच नदीचा आहे. बराकींसाठी सपाट जागा हवी म्हणून १९४२ मध्ये दलदलीत भराव घालून ईगल नदीचे नागमोडी पात्र सरळ चरात वळवण्यात आले. मासे, पाणथळ जागा व वनस्पती परत याव्यात यासाठी हे पात्र पूर्ववत करण्याची योजना वनसेवेने मांडली. पर्यावरणाच्या बाजूने तिचे समर्थन योग्यच आहे. मात्र तो चर ही लष्करी अभियंत्यांच्या कामाची आज उरलेली सर्वांत मोठी खूण असून नव्या वळणांच्या वाटेत जोतीही येतात. इमारतीच नसलेल्या स्थळी जमिनीची आखणी हाच मुख्य पुरावा ठरतो. त्यामुळे पात्राचा काही भाग तरी आहे तसा राखावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

शीतयुद्धकाळात सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने येथे चिनी राजवटीविरुद्ध लढणाऱ्या तिबेटी बंडखोरांना गुप्तपणे गनिमी युद्धाचे शिक्षण दिले. त्याचा काळ २०१० मध्ये बसवलेल्या स्मृतिफलकावर १९५८ ते १९६४ असा आहे, तर काही लेखनात १९५९ ते १९६५ असा आढळतो. मोहीम गुप्त असल्याने असा फरक पडणे स्वाभाविक आहे. तिबेटी प्रशिक्षणार्थी या जागेला ‘डुमरा’, म्हणजे बाग, म्हणत.

न फुटलेला दारूगोळा व ॲस्बेस्टॉस हे आरोग्यास घातक खनिज यांमुळे उत्खनन आणि पर्यटकांचा वावर यांवर मर्यादा येतात. सफाईचे काम लष्कराच्या अभियंता दलाकडे आहे. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी १९०६ च्या पुरातन वस्तू कायद्याखाली छावणी व टेनमाइल पर्वतरांग मिळून ५३,८०४ एकरांचे राष्ट्रीय स्मारक घोषित केले. डिव्हिजनची कागदपत्रे व छायाचित्रे यांचा मोठा संग्रह डेन्व्हरच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे.