शिकण्याच्या दिसणाऱ्या पातळ्या (सोलो पद्धत)

मुलाला एखादी गोष्ट किती खोलवर समजलीय हे त्याच्या उत्तराच्या बांधणीवरून ओळखायचं, आणि ओळखायच्या खुणा फक्त टीचरच्या डोक्यात न ठेवता मुलांनाही उघड दाखवायच्या, म्हणजे आपण कुठे आहोत आणि पुढची पायरी कोणती हे त्यांचं त्यांनाच कळतं, अशी ही शिकवण्याची पद्धत. यातली नावाजलेली मांडणी म्हणजे सोलो (Structure of the Observed Learning Outcome या इंग्रजी नावाची आद्याक्षरं, म्हणजे शिकण्याच्या दिसणाऱ्या फळाची बांधणी). जॉन बिग्ज आणि केविन कोलिस या ऑस्ट्रेलियातल्या दोघा अभ्यासकांनी ती १९८२ साली पुस्तकरूपाने मांडली.

त्याआधी मानसशास्त्रज्ञ पियाजेचे मुलांच्या विचारांच्या वाढीचे वयानुसार टप्पे आणि १९५६ सालची शिक्षणतज्ज्ञ ब्लूमची शिकण्याच्या उद्दिष्टांची उतरंड शिक्षणात मुरलेली होती (बीएड केलेल्यांना ही दोन्ही नावं पाठच असतात). पण बिग्ज आणि कोलिस यांना दिसलं की एकच मूल गणितात एका पातळीचं उत्तर देतं आणि भूगोलात दुसऱ्याच, कधी कधी तर एकाच विषयात आज एक आणि उद्या दुसरं. मग मुलावर पातळीचा शिक्का मारण्यात काही अर्थ राहत नाही. पातळी असते ती उत्तराची. माझ्या मते पूर्ण पद्धतीचं मोल या एका गोष्टीत आहे, कारण आपल्याकडे 'हा हुशार, तो ढ' हे पहिल्या चाचणीतच ठरून जातं आणि मग दहावीपर्यंत ते पुसलं जात नाही.

पातळ्या पाच आहेत. ऐरोलीत सहावीच्या मुलांबरोबर मी हे करून बघितलंय, तिथलाच प्रश्न घेऊ: ठाणे खाडीतली तिवरं तोडली तर काय होईल? 'तिवरं तोडली तर तिवरं राहणार नाहीत' हे उत्तर पहिल्या पातळीचं, प्रश्न अजून हाताला लागलेलाच नाही. 'पाणी घरात शिरेल' ही दुसरी पातळी, एक मुद्दा बरोबर सापडलाय. 'पाणी शिरेल, मासे कमी होतील, माती वाहून जाईल' ही तिसरी, मुद्दे बरेच आहेत पण सुटे सुटे, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. चौथीत ते एकमेकांना जोडले जातात: तिवरांच्या मुळांमध्ये पाण्याचा जोर मोडतो, म्हणून गाळ तिथे बसतो, त्या गाळात आणि मुळांच्या आडोशाला कोळंबीची नि माशांची पिल्लं वाढतात, म्हणून झाडं गेली की किनाराही उघडा पडतो आणि कोळ्यांच्या जाळ्यातही कमी येतं. पाचव्या पातळीत मूल हाच विचार उचलून दुसरीकडे नेतं, म्हणजे 'येऊरच्या डोंगरावरची झाडंही अशीच माती धरून ठेवतात, ती तोडली तर पावसात माती नाल्यात जाईल आणि नाल्यातून खाडीत येईल'. डोंगर आणि खाडी पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत असतात, इथे मुलाने स्वतः त्यांना एकत्र आणलं.

या पातळ्यांची मूळ नावं बोजड आहेत, एकसंरचनात्मक, बहुसंरचनात्मक वगैरे, वर्गात ती कोणी वापरू नयेत. त्यापेक्षा खुणा बऱ्या. एक ठिपका, एक उभी रेघ, तीन सुट्या उभ्या रेघा, मग त्याच तीन रेघा वरून एका आडव्या रेघेने जोडलेल्या, आणि शेवटी ती आडवी रेघ पुढे बाहेर गेलेली. मराठी मुलांना चौथी खूण समजवायला लागत नाही, सुटी अक्षरं लिहून वर शिरोरेघ ओढली की शब्द होतो हे त्यांना पहिलीपासून माहितीये. 'तुझ्या उत्तराला शिरोरेघ दे' एवढं म्हटलं की पुरतं.

वापरायचं कसं, तर खुणांचा तक्ता भिंतीवर लावायचा, मुलांनी उत्तर लिहून झालं की समासात पेन्सिलने आपल्याला वाटते ती खूण काढायची, मग शेजारच्याने वाचून आपली काढायची आणि दोन्ही जुळल्या नाहीत तर का ते बोलायचं. हे बोलणंच सगळ्यात कामाचं, पन्नास मुलांच्या वर्गात टीचर प्रत्येकाजवळ पोचू शकत नाही पण शेजारी तर प्रत्येकाला असतोच. मार्क मात्र या खुणांना देऊ नयेत. मार्क लागले की सगळे पाचवीच खूण काढतात.

आपल्या परीक्षेशी याचा मेळ बसतो आणि बसतही नाही. 'गाळलेल्या जागा भरा' ही दुसरी पातळी, 'शास्त्रीय कारणे लिहा' ही खरं तर चौथी आणि भाषेच्या पेपरातलं 'स्वमत' पाचवी व्हायला हवं. पण स्वमतसुद्धा गाईडमधून पाठ केलं जातं, आणि 'पाच मार्कांना पाच मुद्दे' या सवयीने लांबलचक, नीटनेटकं उत्तरही तिसऱ्याच पातळीवर थांबतं. दुसरीकडे हेही खरं की मुद्देच नसतील तर जोडणार काय, त्यामुळे पाठांतराला नावं ठेवून तिसरी पायरी गाळता येत नाही.

मुलांना वाचता येतं का, गणित येतं का हे तपासणाऱ्या 'असर' या सर्वेक्षणातले वाचनाचे स्तर (अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट) हे वेगळं प्रकरण आहे. १९९५ साली मुंबईत सुरू झालेली प्रथम ही संस्था मुलांना इयत्तेऐवजी अशा स्तरांनुसार गटात बसवून वाचायला शिकवते. तिथे मुलाला आज काय वाचता येतं ते बघतात, सोलोत एका उत्तराची बांधणी. दोन्हीला आपण स्तरच म्हणतो म्हणून गोंधळ होतो.

अडचण जास्त करून तिसरी आणि चौथी वेगळी काढताना येते, दोन शिक्षक एकाच उत्तराला दोन खुणा देतात. मुलांना 'म्हणून', 'कारण', 'त्यामुळे' या शब्दांना गोल करायला सांगितलं तर थोडी मदत होते, पण मुलं मग प्रत्येक वाक्यात 'म्हणून' घालायला लागतात. 'तिवरं असतात म्हणून मासे असतात' यात शब्द आहे, जोड नाही. तिथे शेजाऱ्याने एकच विचारायचं, 'कसं काय?', आणि उत्तर मुळांपर्यंत, गाळापर्यंत पोचलं तरच वरची रेघ ओढू द्यायची.