यूएसबी हब

संगणकाच्या एकाच यूएसबी पोर्टावर अनेक उपकरणे चालवण्यासाठी वापरले जाणारे साधन. हबची एक केबल संगणकाला जोडतात आणि उरलेल्या पोर्टांवर कळफलक, माउस, प्रिंटर, पेनड्राइव्ह इत्यादी उपकरणे लावतात. विजेच्या एक्स्टेंशन बोर्डाशी त्याची तुलना नेहमी केली जाते, पण ती फसवी आहे. हबमध्ये स्वतःची नियंत्रक चिप असते, संगणक त्यालाही एक उपकरण मानून पत्ता देतो, आणि कोणत्या पोर्टावर काय लागले किंवा काय निघाले याची वर्दी संगणकाला हबकडूनच मिळते.

यूएसबीचे पहिले मानक १९९६ मध्ये आले. त्यातील पत्ता सात बिटांचा असून शून्य हा पत्ता नव्याने जोडलेल्या उपकरणासाठी राखीव असल्याने संगणकातील एका यूएसबी नियंत्रकाखाली जास्तीत जास्त १२७ उपकरणे बसतात. त्यांत हबचीही गणना होते. हबला हब जोडता येतो, मात्र संगणक आणि उपकरण यांच्या दरम्यान पाचांहून अधिक हब चालत नाहीत. बाजारातील सात पोर्टांच्या अनेक हबांत चार पोर्टांच्या दोन चिपा एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे ही मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर गाठली जाते.

हबमुळे पोर्ट वाढतात. वीज किंवा वेग वाढत नाही. बहुतेक तक्रारींचे मूळ येथेच असते, विशेषतः विजेत. यूएसबी २.० च्या पोर्टातून ५ व्होल्ट दाबाने ५०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. स्वतंत्र अडॅप्टर नसलेला हब त्यातील १०० स्वतःसाठी धरून चार पोर्टांना प्रत्येकी १०० मिलिअँपिअर देऊ शकतो. माउस आणि कळफलक यांना तेवढा पुरतो, बाह्य हार्ड डिस्कला पुरत नाही. मग डिस्क फिरू लागते, टकटक आवाज करते, संगणकावर क्षणभर दिसते आणि नाहीशी होते. लेखन चालू असताना असे घडल्यास फाइली बिघडतात. यूएसबी ३.० मध्ये पोर्टाची मर्यादा ९०० मिलिअँपिअर असल्याने त्रास कमी होतो, संपत नाही. अशा उपकरणांसाठी अडॅप्टरवर चालणारा हबच घ्यावा. हबवरील दिवा लागला म्हणजे वीज पोहोचली एवढेच कळते. माहितीच्या तारा जुळल्या की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

वेगही वाटून घ्यावा लागतो. यूएसबी २.० चे ४८० मेगाबिट प्रतिसेकंद हबवरील सर्व उपकरणांत मिळून असतात, म्हणून एका हबवर दोन वेबकॅम लावल्यास दुसरा सुरूच न होणे हा बिघाड नसून जागा अपुरी पडल्याचा परिणाम असू शकतो. यूएसबी ३.० च्या हबमध्ये प्रत्यक्षात दोन हब शेजारी शेजारी काम करतात, एक जुन्या वेगाचा आणि एक नव्या. प्लग हळूहळू आत सारला तर जुने संपर्क आधी जुळून जलद उपकरणही कधी कधी जुन्या वेगावर अडकते. ते काढून एका झटक्यात पुन्हा लावणे हा उपाय पोरकट वाटला तरी गुणकारी आहे.

दोष शोधताना उपकरण आधी थेट संगणकाला लावून पाहावे. तेथे ते चालले, तर हब रिकामा करून त्यावर तेवढेच एक उपकरण लावावे, नंतर संगणकाचा पोर्ट आणि केबल बदलून पाहावी. केवळ चार्जिंगसाठी बनवलेल्या काही केबलींत माहितीच्या ताराच नसतात. लोक ड्रायव्हरला, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या संगणकातील आज्ञावलीला, सर्वांत आधी दोष देतात, पण ही तपासणी संपेपर्यंत त्याला हात लावू नये. एखाद्या पोर्टावर जादा प्रवाह ओढला गेल्यास हब त्या पोर्टाची वीज तोडू शकतो. अशा वेळी हबची केबल व अडॅप्टर दोन्ही काढून काही सेकंदांनी परत जोडावेत. संगणक काही वेळ पडून राहिल्यावरच उपकरणे गायब होत असतील, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या हबची वीजबचतीची सोय बंद करून पाहावी.

एक दोष मात्र हबच्या शेजाऱ्याला भोवतो. यूएसबी ३.० च्या संदेशवहनातून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट निर्माण होतो, आणि बिनतारी माउसचा रिसीव्हर लगतच्या पोर्टात असेल तर माउस अडखळू लागतो. रिसीव्हर छोट्या एक्स्टेंशन केबलने हबपासून दूर नेल्यास तो बहुधा सुरळीत चालतो.