तारण व त्रैक्य

ख्रिस्ती श्रद्धेतील दोन मूलभूत संकल्पना. पाप व त्याचे परिणाम यांतून येशू ख्रिस्ताद्वारे होणारी माणसाची सुटका म्हणजे तारण. पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच देव, हे त्रैक्य. मराठवाड्यात या संकल्पनांची मराठीतून मांडणी प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामी राजवटीत रुजली. नारायण शेषाद्री (बाप्तिस्मा १८४३; मृत्यू १८९१) यांनी स्कॉटिश मिशनतर्फे जालन्यास काम केले व जवळच बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) चर्च मिशनरी सोसायटी ही अँग्लिकन मिशनसंस्था होती. हे दोन्ही प्रवाह १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त प्रॉटेस्टंट मंडळीत मिळाले. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ चा.

‘तारण’ हा शब्द ‘तॄ’ (तरणे, पार जाणे) या संस्कृत धातूपासून आला. मिशनऱ्यांनी ‘मोक्ष’ टाळण्यासाठी तो निवडला, असे समजता येते. कारण मोक्षात जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका अभिप्रेत आहे, तर ख्रिस्ती मतात जन्म एकच आणि पुढे पुनरुत्थान. मात्र हा शब्द नव्याने घडवावा लागला नाही. नरसीचे नामदेव आणि पैठणचे एकनाथ यांच्या परंपरेत भवसागरातून तारणारा देव आधीच ओळखीचा होता, आणि शब्द रुजण्याचे ते कारण अधिक सबळ वाटते. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेतले ‘तारण’, म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तू, बहुधा त्याच धातूचे. धनकोला तारते ते तारण, ही फोड मात्र अनुमानाची आहे.

खरी अडचण ‘खंडणी’ या शब्दाची. ख्रिस्ताने पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून दिला, असे मार्क १०:४५ मध्ये येते. मूळ ग्रीक शब्द ‘लुत्रोन’. बंदिवान किंवा गुलाम सोडवण्यासाठी दिलेले मोल, असा त्याचा अर्थ. आजच्या वृत्तपत्री मराठीत खंडणी म्हणजे धमकावून उकळलेला पैसा, त्यामुळे नवा वाचक येथे अडखळतो. हे मोल कोणाला दिले, हा वाद जुना आहे. ओरिजेन या धर्मपंडिताने (तिसरे शतक) ते सैतानाला दिले असे सुचवले; नाझियान्झसच्या ग्रेगरीने (चौथे शतक) ही कल्पना धुडकावली. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म या धर्मपंडिताने, पापामुळे देवाच्या मानाला लागलेला उणेपणा ख्रिस्ताने भरून काढला, असे मांडले. प्रॉटेस्टंट उपदेशावर याच मांडणीच्या पुढच्या रूपाची, म्हणजे ख्रिस्ताने माणसाऐवजी शिक्षा भोगली या मताची, छाप दिसते. तीच एकमेव मानण्याचे कारण नाही.

श्रद्धेने तारण की कर्माने, हा वाद पौल (इफिसकरांस २:८–९) व याकोब (२:२४) यांच्या वचनांवरून चालतो. कॅथलिक व लूथरन मंडळींनी १९९९ मध्ये या विषयावर संयुक्त जाहीरनामा काढून मतभेद बराच कमी केला.

‘त्रैक्य’ हा शब्द बायबलमध्ये नाही. अंत्युखियाच्या थिओफिलसने साधारण १८० च्या सुमारास ‘त्रियास’ (त्रयी) हा ग्रीक शब्द वापरला. पण त्याची त्रयी देव, त्याचा शब्द व त्याचे ज्ञान अशी आहे, म्हणून तो पुढच्या सिद्धांताचा उगम मानताना सावध राहावे. लॅटिन ‘त्रिनितास’ हा शब्द तेर्तुलियन या लेखकाकडे (सु. २००) स्पष्ट दिसतो. पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे, हे, पुत्राला निर्मिलेला मानणाऱ्या आरियसच्या विरोधात, नायसिया येथील परिषदेने (३२५) ठरवले. पवित्र आत्म्याविषयीची मांडणी कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत (३८१) आली. मत्तय २८:१९ मधील पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देण्याचे सूत्र नंतरचे आहे, असे काही अभ्यासक म्हणतात. उपलब्ध हस्तलिखितांचा त्यास आधार नाही. १ योहान ५:७ मधील तीन साक्षीदारांच्या (पिता, शब्द व पवित्र आत्मा) वाक्याची गोष्ट वेगळी. जुन्या ग्रीक प्रतींत ते नसल्याने ग्रीक नव्या कराराचा संपादक इरॅस्मस याने १५१६ च्या आवृत्तीत ते वगळले आणि १५२२ मध्ये घातले.

मराठीत ‘त्रित्व’ असेही लिहितात. तिघांचे एकपण दाखवणारा ‘त्रैक्य’ अधिक नेमका. दत्ताच्या तीन मुखांशी तुलना मराठवाड्यात सहज सुचते. ती फार ताणू नये. त्रिमूर्तीत उत्पत्ती, स्थिती व लय अशी कामांची वाटणी आहे. एकच देव तीन रूपे घेतो असे म्हणावे, तर साबेल्लियसचे नाकारलेले मत येते. तिघांपैकी प्रत्येकासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘व्यक्ती’ या प्रतिशब्दामुळे उलट तीन स्वतंत्र देवांचा भास होतो. यहोवाचे साक्षीदार हा पंथ त्रैक्य मानत नाही.

ख्रिस्ती न झालेल्या आजापणजांचे काय, हा प्रश्न पहिल्या-दुसऱ्या पिढीतल्या कुटुंबांना साहजिकच पडतो. कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) स्वतःच्या दोषाविना ख्रिस्ताची ओळख न झालेल्यांनाही तारण शक्य मानले. अनेक इव्हँजेलिकल (वैयक्तिक श्रद्धा व सुवार्ताप्रसारावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट) मंडळ्या हे मान्य करत नाहीत. बाप्तिस्म्याच्या आवश्यकतेबाबतही एकमत नाही. आपल्या नावात ‘मुक्ती’ हा शब्द घेतलेली मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) तर बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे विधी करतच नाही.